९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज आणि आमच्या घरातलं भांडण

कोरा_चहा | बुधवार, १२/०३/२०२५ - ०९:४०

सोमवारी अजितदादांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष पडलेत.

पक्ष पहिला: बाबा. एसटीतून निवृत्त. आयुष्यात एकच कर्ज काढलं, घराचं. तेही मुदतीच्या तीन वर्षं आधी फेडलं आणि शेवटचा हप्ता भरून येताना पेढे घेऊन आले. व्हॉट्सॲपवर त्यांना कुणीतरी पाठवलं की राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज होणार, म्हणजे माणशी सत्तर हजारांच्या वर. बाबांचा प्रश्न: "माझ्या नावावर सत्तर हजार कुणी काढले? माझी सही कुठाय?"

पक्ष दुसरा: धाकटा भाऊ, एमए इकॉनॉमिक्स. त्याचं म्हणणं, हे कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्केसुद्धा नाही, मर्यादा २५ टक्क्यांची आहे, आणि लोक पगाराच्या पाचपट गृहकर्ज काढून निवांत झोपतात. "बाबा, सरकार म्हणजे घर नव्हे."

आकडे असे: महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, अंथरूण पाहून पाय पसरावे हे सरकारला लागू होतं की नाही? दोन, विरोधात असताना "राज्य दिवाळखोरीत" म्हणणारे सत्तेत आले की "देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था" कसं म्हणायला लागतात? आणि उलट. हे दोन्ही बाजूंनी बघून झालंय, त्यामुळे कृपया एकाच बाजूला झोडपू नका.

---

तिसरी_घंटा | १२/०३/२०२५ - ०९:५२

सही कुठाय! बाबांना माझ्याकडून +१.
(जागा धरून ठेवतो. उद्या होळी आहे, बोंबा मारायला धागा बरा मिळाला.)

---

नाना_हिशेबनीस | १२/०३/२०२५ - १०:३५

एकतीस वर्षं कोषागारात काढली, त्यामुळे राहवत नाही.

बाबा आणि भाऊ दोघेही चुकीच्या आकड्यावर भांडताहेत. ९.३२ लाख कोटी हा आकडा भाषणाला चांगला. बघायचा तो ४५,८९१.

महसुली तूट म्हणजे रोजच्या संसाराला कमी पडलेले पैसे. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजना. राजकोषीय तूट म्हणजे त्या वर्षी एकूण जेवढं उसनं घ्यावं लागलं ते. आता १,३६,२३५ मध्ये ४५,८९१ किती वेळा बसतात? जवळजवळ तीन. म्हणजे सरकार यंदा जे तीन रुपये उसने घेणार, त्यातला एक रस्त्यात, धरणात, इमारतीत न जाता रोजच्या चुलीत जाणार.

आमच्या गावाकडे म्हणत, म्हैस कर्ज काढून घ्यावी, दूध कर्ज काढून आणू नये. म्हशीचा हप्ता म्हैसच फेडते.

आणि भाऊसाहेबांना एक चिमटा. १९ टक्के हे प्रमाण राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी आहे. ते उत्पन्न तुमचं, माझं, कारखान्यांचं, शेताचं. सरकारच्या हातात त्यातले येतात ५.६१ लाख कोटी. त्याच्याशी ताडलं तर कर्ज वर्षाच्या जमेच्या दीडपटीहून जास्त होतं. गृहकर्जाच्या पाचपटीपुढे हेही कमीच, मान्य. पण गृहकर्ज फिटल्यावर घर उरतं.

---

पुणेरी_टोमणा | १२/०३/२०२५ - ११:०४

नानांनी सभ्यपणे सांगितलं, मी सरळ सांगतो. लाडक्या बहिणीला ३६,००० कोटी. महसुली तूट ४६,००० कोटी. दोन आकडे शेजारी ठेवा, झालं. कर भरायचा आम्ही आणि ओवाळणी घालायची सरकारने. ऋण काढून सण.

---

वसुधा_कारंजा | १२/०३/२०२५ - १२:२०

@पुणेरी_टोमणा, कर फक्त पगारदार भरतो हा गैरसमज कधी जाणार? माझी आई साबण घेते, तेल घेते, मोबाइलला रिचार्ज मारते. प्रत्येकावर जीएसटी आहे.

आईला गेल्या ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे ३००० एकदम आले. तिने काय केलं सांगते. गावातल्या किराणा दुकानाच्या वहीत तिच्या नावावर अकराशे चाळीस रुपये होते, चौदा महिन्यांपासूनचे. दुकानदार चांगला आहे, कधी बोलला नाही. पण आई त्या दुकानासमोरून जाताना पदर पुढे ओढून जायची. पैसे आले त्या दिवशी ती स्वतः गेली आणि वहीवर रेघ मारून आली. राज्याचं कर्ज वाढलं असेल, आईचं फिटलं.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडतोय असं अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं. त्या दिवशी शेअर बाजार उसळला. ओवाळणी हा शब्द तेव्हा कुणाला सुचला नाही.

---

तिसरी_घंटा | १२/०३/२०२५ - १२:२४

टाळ्या.

---

पुणेरी_टोमणा | १२/०३/२०२५ - १२:५१

तुमच्या आईंबद्दल आदरच आहे. माझा राग त्यांच्यावर नाही. कर कमी केला तर कंपनी गुंतवणूक करेल ही आशा तरी असते (केली का, हा वेगळा धागा). पण ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेच्या आधी एकत्र टाकले गेले हे विसरायचं का? गरज बारा महिने असते, हप्त्याला घाई एकाच महिन्यात कशी सुटली?

---

वसुधा_कारंजा | १२/०३/२०२५ - १३:१०

ते नाही विसरायचं. आणि आता चारचाकी आहे का बघून नावं कापताहेत, तेही नाही विसरायचं. चारचाकी निवडणुकीनंतर घेतली की काय सगळ्यांनी?

---

जर्सीचा_पाऊस | १२/०३/२०२५ - १९:१५

इथे न्यू जर्सीत सकाळ झाली. तुमचं भांडण वाचून घरच्यासारखं वाटलं, कारण आमच्याकडे शुक्रवारी मध्यरात्री सरकार बंद पडायची वेळ आली आहे. खर्चाचा ठराव मंजूर नाही. शिवाय कर्जाची कायदेशीर मर्यादा जानेवारीतच गाठून झाली, सध्या खजिना हिकडचं तिकडे करून दिवस ढकलतोय.

अमेरिकेचं कर्ज ३६ ट्रिलियन डॉलरच्या वर आहे. एकावर बारा शून्यं म्हणजे ट्रिलियन. गेल्या आर्थिक वर्षात व्याजाचा खर्च संरक्षण खर्चाच्याही पुढे गेला. विमानवाहू नौका, क्षेपणास्त्रं, सगळं मागे, व्याज पुढे.

कोरा_चहांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आल्यावर कळलं. रिपब्लिकन विरोधात असले की तूट हे राष्ट्रीय संकट असतं. सत्तेत आले की करकपात. २०११ साली ओबामांच्या काळात कर्जमर्यादेवरून इतकं ताणलं की एस अँड पी या पतमापन संस्थेने देशाचं मानांकन उतरवलं. २०१७ मध्ये ट्रम्प आल्यावर त्याच लोकांनी मोठी करकपात केली, तूट वाढली, मर्यादेचा ब्र नाही. डेमोक्रॅटांचं उलट रडगाणं: करकपात आली की "नातवंडांवर बोजा", स्वतःची योजना आली की "गुंतवणूक". शेवटचं शिलकी अंदाजपत्रक २००१ चं. त्याला चोवीस वर्षं होतील.

कर्ज पूर्ण फेडून शून्यावर फक्त एकदा आले होते, १८३५ मध्ये, अँड्र्यू जॅक्सनच्या काळात. दोनच वर्षांत, १८३७ ला, मोठी मंदी आली. (कर्ज फेडल्यामुळेच आली असं म्हणत नाही. बाबांना हे सांगू नका मात्र.)

---

वाचनवेडा_७ | १२/०३/२०२५ - १९:४०

कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की विकास खुंटतो असा एक प्रसिद्ध अभ्यास आहे ना हार्वर्डच्या दोघांचा?

---

आकडेमोड | १२/०३/२०२५ - २०:०२

@वाचनवेडा_७, राइनहार्ट आणि रोगॉफ, २०१० चा निबंध. युरोपातल्या काटकसरवाल्यांनी तो झेंड्यासारखा फडकवला. मग २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने गृहपाठ म्हणून तेच आकडे पुन्हा मांडले, तर जमेनात. एक्सेलमध्ये सरासरी काढताना काही देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. त्याशिवायही आकडे घेण्यात नि तोलण्यात गडबडी होत्या. ९०चा कडेलोट गेला. कर्ज जास्त तिथे विकास थोडा मंद, एवढंच उरलं. त्यातही कशामुळे काय हे नक्की नाही.

जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे, ते बुडालेले नाहीत. श्रीलंकेचं त्याच्या निम्मंही नव्हतं आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी हात वर केले. फरक आकड्याचा नाही, चलनाचा. जपानी सरकार येनमध्ये आणि मुख्यतः आपल्याच लोकांना देणं लागतं. श्रीलंकेला डॉलर हवे होते, डॉलर छापता येत नाहीत.

भाऊ "सरकार म्हणजे घर नव्हे" म्हणतो ते दिल्लीबद्दल बऱ्यापैकी खरं आहे. मुंबईबद्दल अर्धंच. राज्य सरकारला नोट छापता येत नाही आणि केंद्राचं देणं अंगावर असताना कलम २९३ प्रमाणे नवं कर्ज काढायला केंद्राची परवानगी लागते. घर नव्हे, पण एकत्र कुटुंबातला धाकटा भाऊ म्हणा. कमावतो भरपूर, चेकबुक थोरल्याकडे.

---

तिसरी_घंटा | १२/०३/२०२५ - २०:०६

एक्सेलमध्ये ओळी राहिल्या आणि ग्रीसच्या पेन्शनी कापल्या गेल्या. आमच्या ऑफिसात एवढ्यासाठी मेमो मिळतो.

---

सुलभामावशी | १२/०३/२०२५ - २१:३०

१९९१ आठवलं. मी तेव्हा बँकेत होते. देशाच्या तिजोरीत आयातीला पुरेल इतकं परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांचं. आधी मे महिन्यात २० टन सोनं विकलं, मग जुलैत जवळपास ४७ टन गहाण म्हणून इंग्लंडला पाठवलं. बातमी फुटली तेव्हा काउंटरवरच्या बायका आपल्या गळ्यातल्याला हात लावून विचारत होत्या, "मॅडम, आमच्या लॉकरचं काही नाही ना?" २००९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं, तेव्हा मी एकटीच घरी शिरा केला होता.

आता बाबांच्या "सही कुठाय"चं उत्तर. सही माझी आहे! महाराष्ट्र सरकारला मी पैसे दिलेत. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते. पूर्वी ते मुख्यतः बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी घ्यायचे. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या ऑनलाइन सोयीवर आपल्यासारखेही दहा हजारांपासून घेऊ शकतात. मला सात टक्क्यांच्या वर मिळतंय, सहा महिन्यांनी व्याज खात्यात. आणि ज्यांनी रोखे घेतले नाहीत त्यांची एलआयसी आणि पीएफ त्यांच्या वतीने घेतच असतात. कर्ज आपल्यावर आहे तसं ते आपलंच आहे.

---

कोरा_चहा | १२/०३/२०२५ - २१:४८

मावशी, हे बाबांना वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी घेणेकरी पण आणि देणेकरी पण? मग मधल्यामध्ये व्याज कुणाच्या खिशातून?"

---

आकडेमोड | १२/०३/२०२५ - २२:१०

बाबांना अर्थ खातं द्या.

व्याज सगळ्यांच्या करातून जातं आणि ज्यांच्याकडे रोखे, पॉलिसी, ठेवी आहेत त्यांच्याकडे येतं. वसुधाताईंच्या आई साबणावर जीएसटी भरतात, रोखे त्यांच्याकडे नाहीत. गोम इथे आहे.

---

मोजमाप_वही | गुरुवार, १३/०३/२०२५ - ०७:१५

होळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. मी मिरजेकडचा. छोटा ठेकेदार आहे. गावरस्ते, शाळेच्या खोल्या, मोऱ्या. तुमची मोठमोठी चर्चा वाचली. आता आमचं ऐका की राव.

मागच्या उन्हाळ्यात एका खात्याचं काम केलं. खात्याचं नाव घेत नाही, पुढं काम पाहिजे. दोन किलोमीटर रस्ता. काम झालं, साहेबांनी एमबी (मोजमापाची वही) भरली, क्वालिटीचा रिपोर्ट ओके, बिल गेलं. साडेचौदा लाख. अकरा महिने झाले. विचारायला गेलं की एकच उत्तर, "ग्रँट न्हाई." खडीवाल्याचे द्यायचे, डांबरवाल्याचे द्यायचे, मुकादम दर शनवारी दारात. बँकेत सीसी (कॅश क्रेडिट, म्हंजे उचल) काढलीय, त्याला ११ टक्के व्याज.

आता मला सांगा, ह्ये माझं साडेचौदा लाख ९ लाख ३२ हजार कोटीत धरलंय का? न्हाई. रोख्याचं कर्ज असतं तर सरकारनं व्याज दिलं असतं. मावशींना सात टक्के देतंय. मला काय? माझ्याकडनं बिनव्याजी घेतलंय आणि व्याज मी भरतोय. असे राज्यात हजारो आहेत. तुमची तूट तीन टक्क्यांच्या आत कशी दिसती, तर आमची बिलं टेबलाच्या खाली असत्यात म्हणून.

---

नाना_हिशेबनीस | १३/०३/२०२५ - ०८:४०

वर्मावर बोट ठेवलंत.

आपले हिशेब रोखीचे. पैसे तिजोरीतून निघाले की खर्च. काम झालं, देणं लागतं, पण धनादेश फाडला नाही, तर त्या वर्षी तो खर्चच नाही. मार्चअखेर आम्ही रात्री बारापर्यंत बसायचो ते यासाठीच. कोणतं बिल आत घ्यायचं, कोणतं एक एप्रिलला ढकलायचं. ३१ मार्चला जे दिसतं तो चेहरा नसतो, मेकअप असतो.

यात अजून एक पदर. महामंडळांनी काढलेलं कर्ज. नागपूर-मुंबई समृद्धी, ७०१ किलोमीटर. त्यासाठी कर्जं काढली रस्ते विकास महामंडळाने. फेड टोलमधून अपेक्षित. टोल कमी पडला तर शेवटी कुणाच्या दारात येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

---

वसुधा_कारंजा | १३/०३/२०२५ - ०९:०५

समृद्धीबद्दल वाईट बोलायचं नाही नाना, आमच्या कारंज्यावरून जातो. 😄 नानांच्या भाषेत ही म्हैस आहे. दूध किती देते ते बघू.

@मोजमाप_वही, तुमची गोष्ट वाचून किराणा दुकानदार आठवला. तोही चौदा महिने बिनव्याजी थांबला होता.

---

मोजमाप_वही | १३/०३/२०२५ - ०९:३२

ताई, तुमच्या आईनं फेडलं. माझं गिऱ्हाईक पदर पुढं ओढून जाईना पण.

---

इतिहासाचं_पान | १३/०३/२०२५ - ११:००

अवांतर. पण मराठी माणसाला तुटीचं अंदाजपत्रक नवीन आहे का? थोरल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचं दुःख जागोजागी आहे. गंमत म्हणजे खुद्द स्वामींचंही देणं होतं. घेणेकऱ्यालाच घेणेकऱ्यांची तक्रार. माधवरावांनी शेवटच्या आजारात मागे ठेवलेल्या कलमांत कर्जफेडीची चिंता आहे. पुण्याच्या सावकारीवर मोहिमा निघत, आणि चौथाई वसूल झाली तर फिटत. भांडवली खर्चच तो, फक्त परतावा तलवारीच्या भरवशावर.

---

तिसरी_घंटा | १३/०३/२०२५ - ११:०३

म्हणजे म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात आणि धार आपण काढायची.

---

दख्खनचा_वाघ | १३/०३/२०२५ - १३:२०

राज्याला भिकेला लावणाऱ्यांना इतिहास माफ करणार नाही. अडीच वर्षांत तिजोरी लुटली.

---

सह्याद्रीचा_कडा | १३/०३/२०२५ - १३:२६

कोणती अडीच वर्षं? आमची की तुमची? आधी स्वतःचं बघा. तुमच्या लोकांनी तर जाहीरनाम्यात बहिणींना महिन्याला ३००० कबूल केले होते!

---

दख्खनचा_वाघ | १३/०३/२०२५ - १३:२९

आणि तुमचे २१०० कुठे आहेत? अर्थसंकल्पात दुर्बिणीने शोधतोय!

---

संपादक_मंडळ | १३/०३/२०२५ - १४:०५

पुढचे अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. बोंबा होळीपुढे माराव्यात.

---

आकडेमोड | १३/०३/२०२५ - १५:१५

या दोघांनी नकळत महत्त्वाचं सांगितलं बरं का. निवडणुकीत एका बाजूने २१००, दुसऱ्या बाजूने ३०००. म्हणजे कर्ज वाढवण्यावर राज्यात एकमत आहे, मतभेद फक्त रकमेवर.

आता केंद्र. यंदाची राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी, जीडीपीच्या ४.४ टक्के. त्यातली महसुली तूट सव्वापाच लाख कोटींच्या आसपास. भागाकार करा. तिथेही तीनातला एक रुपया चुलीतच. व्याज १२.७६ लाख कोटी, महसुली जमा ३४.२० लाख कोटी. रुपयातले ३७ पैसे व्याजात! महाराष्ट्राचे साधारण ११-१२ पैसे. त्यामुळे दिल्लीतून कुणी राज्यांना "रेवडी"वर प्रवचन देऊ लागलं की मला हसू येतं. २००३ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, तूट तीन टक्क्यांवर आणायची म्हणून. मुदत पुढे, पुढे, पुढे. कोविडमध्ये ९.२ टक्क्यांवर गेली, ते समजू शकतो. आता तीन टक्क्यांऐवजी मार्च २०३१ पर्यंत कर्जाचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणू म्हणताहेत. गोलपोस्ट बदलला, खेळाडू तेच.

---

मांडवीकाठ | १३/०३/२०२५ - १६:४०

गोव्यात गृहिणींना दरमहा पैसे देणारी गृह आधार योजना २०१२ पासून चालू आहे, आता महिन्याला १५००. पर्रीकरांनी सुरू केली. तेव्हा आम्हीही असंच भांडलो होतो. सरकारं आली, गेली, योजना कुणी बंद केली नाही. एकदा दिलेलं परत घ्यायची छाती कुणाची होत नाही, एवढं लिहून ठेवा.

---

सांगलीकडचा | १३/०३/२०२५ - २२:५०

पुरणपोळी खाऊन बसलो आहे, मोठा प्रतिसाद होणार.

पगारदारांनो, आपली फेब्रुवारीची पगाराची पावती काढा. व्यवसाय कर, ३०० रुपये. बाकी अकरा महिने २०० रुपये. वर्षाचे अडीच हजार. कशासाठी कापतात माहीत आहे? आमच्या ऑफिसात सतरा जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही.

तो कर आला १९७५ मध्ये, रोजगार हमी योजनेसाठी. आमच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी आधी तिचा प्रयोग करून पाहिला होता. मग १९७२चा दुष्काळ आला आणि योजना राज्यभर गेली. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारावर, व्यापाऱ्यावर, व्यावसायिकावर कर. त्यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून लागू. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तो याच वळणावर.

माझे आजोबा त्या कामावर खडी फोडायला होते. दगडं मोजायला येणाऱ्या कारकुनाशी भांडायचे. पण त्यांना माहीत होतं की मुंबईचा नोकरदार आपल्यासाठी महिन्याला काहीतरी भरतो. आणि मुंबईच्या नोकरदाराला निदान सुरुवातीची काही वर्षं माहीत होतं की आपले पैसे कुठे जातात. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एकाच पानावर होतं.

मला लाडक्या बहिणीच्या १५०० चं काही वाटत नाही. वसुधाताईंच्या आईंना ते मिळालेच पाहिजेत. मला खटकतं ते हे की २१०० म्हणणाऱ्याने आणि ३००० म्हणणाऱ्याने, दोघांपैकी एकानेही "यासाठी अमुक लोकांवर अमुक कर लावतो" हे वाक्य उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर भांडण झालं असतं. टोमणेसाहेब रस्त्यावर आले असते, ताईंनी उत्तर दिलं असतं, विधानसभेत चार दिवस खडाजंगी झाली असती. त्या भांडणाला राजकारण म्हणतात. कर्ज काढलं की ते भांडणच टळतं. म्हणून कर्ज सगळ्यांना प्रिय. आणि म्हणूनच विरोधात गेल्यावर कर्जावर ओरडणं सोपं. कर कुणावर लावणार होतात, हे ओरडणाऱ्यालाही सांगावं लागत नाही.

(जाता जाता: व्यवसाय कराची कमाल २५०० ही मर्यादा राज्यघटनेतच आहे, कलम २७६, १९८८ पासून तीच. तेव्हाचे अडीच हजार आणि आताचे अडीच हजार.)

---

पुणेरी_टोमणा | १३/०३/२०२५ - २३:२०

रस्त्यावर आलो असतो, खरं आहे. पण एक विचारतो, प्रामाणिकपणे. माझ्याकडून वर्षाला आणखी दोन हजार घेतले आणि पावतीवर "वसुधाताईंच्या आईसाठी" असं छापलं, तर मी कुरकुर करून देईन. "इतर" म्हणून कापले तर कोर्टात जाईन.

---

वसुधा_कारंजा | १३/०३/२०२५ - २३:२८

कुरकुर चालेल. 🙂

---

सुलभामावशी | शुक्रवार, १४/०३/२०२५ - ०९:१०

सांगलीकडच्यांनी छान लिहिलं, पण "कर्ज म्हणजे सगळं वाईट" असा सूर व्हायला नको. दुष्काळात, महापुरात, कोविडात कर लावत बसता येत नाही. पैसे आज लागतात. आणि धरण शंभर वर्षं पाणी देणार असेल तर त्याची किंमत एकाच पिढीने का मोजावी? माझे रोखे माझ्यामागे नातीला जातील. तिच्या वाट्याला हप्ता येईल तसं व्याजही येईल, धरणही येईल. चुलीसाठी काढलेल्या कर्जाचं मात्र तिला काहीच मिळणार नाही, हे नानांचं म्हणणं मला पटतं.

---

जर्सीचा_पाऊस | शनिवार, १५/०३/२०२५ - ०७:४५

अपडेट: सरकार बंद पडलं नाही. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरअखेर पुन्हा हाच तमाशा, तिकिटं राखून ठेवा.

---

कोरा_चहा | १५/०३/२०२५ - १०:३०

सर्वांचे आभार. धागा घरात मोठ्याने वाचला गेला, हे सांगायला हवं.

भाऊ म्हणतो, आकडेमोड यांचं "चेकबुक थोरल्याकडे" हे तो कॉलेजात वापरणार. बाबांनी म्हैस मान्य केली. सत्तर हजारांवरचा आक्षेप कायम आहे, पण आता वेगळ्या कारणासाठी. म्हणाले, "घराचं कर्ज काढलं तेव्हा तुझ्या आईला आणि मला दोघांना बँकेने समोर बसवून विचारलं होतं, हप्ता कशातून भरणार? पगार किती, खर्च किती, सगळं. इथे निवडणुकीत कुणी विचारलंच नाही, आणि मीही विचारलं नाही."

मग आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला कुठे विचारलं? मला सही कुठे करायची तेवढं दाखवलं." त्यामुळे भांडण आता दुसऱ्या विषयावर आहे.

---

तिसरी_घंटा | १५/०३/२०२५ - १०:३३

महसुली तूट भरून निघेल, ही नाही निघायची.

---

मोजमाप_वही | बुधवार, ०२/०४/२०२५ - ०८:०५

धागा वर काढतोय, माफी असावी. मार्चएंडला ग्रँट आली. सगळ्यांना वाटून द्यायची म्हणून प्रत्येकाचं ४० टक्के काढलं. साडेचौदातले पाच लाख ऐंशी हजार. रात्री साडेअकराला मेसेज आला. मुकादमाचे आणि खडीवाल्याचे दिले. डांबरवाला म्हणाला, राहू दे, पुढच्या मार्चला.

---

नाना_हिशेबनीस | ०२/०४/२०२५ - ०८:२०

अभिनंदन. साडेअकरा म्हणजे लवकर सुटले लोक यंदा.

---

तिसरी_घंटा | ०२/०४/२०२५ - ०८:२२

पार्टी?

---

मोजमाप_वही | ०२/०४/२०२५ - ०८:४१

४० टक्के. मिसळ मिळंल, पाव पुढच्या ग्रँटमधून.